नखाखाली राखलेला घास

लोककथेतल्या राजाने काय पांघरले होते हे आजी एखादे वेळी विसरेल. पण कोण जेवले आणि कोण उपाशी राहिले हे ती विसरत नाही. भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी आपण सारेच ओळखतो. वाटेत वाघ खायला उठतो, तेव्हा ती म्हणते की लेकीकडे चार दिवस दूधतूप खाऊन अंग धरू दे, मग खुशाल खा. भुकेची समजूत तिने अधिक जेवणाच्या आशेने घातली! आज मात्र मला ज्या घासाविषयी बोलायचे आहे, तो नखाखाली मावण्याइतका लहान आहे.

सूर्य, चंद्र आणि वारा ही भावंडे मेघगर्जना व वीज या काका-काकूंकडे जेवावयास गेली. त्यांची आई, दूरची एक चांदणी, घरी वाट पाहत राहिली. सूर्याने व वाऱ्याने यथेच्छ ताव मारला. चंद्राने प्रत्येक पदार्थातले थोडेथोडे आपल्या लांब नखांखाली राखून आणले आणि आईपुढच्या ताटात झटकले. रिकाम्या हातांनी आलेल्या दोघांना आईने शाप दिला : एकाने जगाला भाजावे, दुसऱ्याने होरपळावे, आणि लोकांनी दोघांनाही टाळावे. (छापील इंग्रजी कथेत चंद्र ही मुलगी आहे, आपल्या चांदोमामाला ते साजत नाही.) आमच्या कुकटपल्लीत वैशाखातल्या दुपारी ही कथा सांगितली, तर शापाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

ही कथा सांगणारी स्त्री होती आना लिबराता डिसूझा. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर 1865-66 च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांची कन्या मेरी हिची ती आया होती. मुक्कामात वेळ जाईना म्हणून मेरीने गोष्ट सांगण्यास सांगितले, आणि त्यातून 1868 साली लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावर नाव मेरीचे. तरीही आनाने सांगितलेली आत्मकथा तिने ग्रंथात घातली, हे तिचे श्रेय मानले पाहिजे.

त्या आत्मकथेत कळते की आनाचे पूर्वज कालिकतचे लिंगायत. पुढे ते गोव्याजवळ स्थायिक झाले. तेथे आजोबा कुटुंबासह ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या वडिलांनी सर्वांना घराबाहेर काढले. आजोबा पलटणीत हवालदार. टिपूवरील स्वारीत आजी पलटणीमागे चालत राहिली. आनाला गोष्टी मिळाल्या त्या या आजीकडून. घर सुटले, धर्म बदलला. गोष्टी तेवढ्या बरोबर आल्या. ख्रिस्ती घरातल्या माणसाला आपल्या लोककथा परक्या असाव्यात, अशी समजूत अजूनही भेटते. तिला उत्तर म्हणून मी हा ग्रंथ पुढे करते.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी याच जातीची आहे. राजाज्ञेने गावचे सारे दूध गाभाऱ्यात ओतले, तरी तो भरेना. मुलाबाळांना, गाईवासरांना तृप्त करून आलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधाने तो भरला. तेथे घरच्यांना आधी देऊन उरलेले देवाला पोचते. येथे आपल्या घासातून आधीच बाजूला काढलेले आईला पोचते. मला दुसरे अधिक अवघड वाटते, कारण ते भरल्या पंगतीत, समोर ताट असताना आठवावे लागते.

वर्गात ही कथा सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, पण आईला जेवायला कुणीच का बोलावले नाही?”