मांडवातला अधिकार

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील आंबिवली स्थानकाजवळ, उल्हास नदीच्या काठी वसलेल्या मोहने गावाची ओळख बाहेरच्या जगास झाली ती रेयॉनच्या कारखान्यामुळे. परंतु कारखान्याचा भोंगा ऐकू येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाणे, कल्याण, पनवेल या टापूतील आगरी-कोळी वस्त्यांत गायनाची एक परंपरा नांदत होती. तिला ना रंगमंच होता, ना तिकीट. आणि म्हणूनच, 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवरा’पासून आरंभ करणाऱ्या आपल्या रंगभूमीच्या इतिहासांनी तिच्याकडे क्वचितच वळून पाहिले. ही परंपरा म्हणजे लग्नातील धवळे.

या गीतप्रकाराचे कूळ प्राचीन आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त प्रबंधांमध्ये धवलाची गणना केली आहे, आणि त्याच शतकात रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने महदाइसेने जे धवळे गाइले, त्यांच्यामुळे ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. शास्त्रकाराचा धवल ग्रंथात राहिला आणि महदाइसेचे धवळे महानुभावांच्या पोथ्यांत जतन झाले. या किनारपट्टीच्या धवळ्यांस मात्र स्त्रियांच्या कंठावाचून दुसरे दप्तर नव्हते.

हे धवळे गाणारी धवलारीण मांडवात येते ती मनोरंजनासाठी नव्हे. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे वेगळे, आणि ते गाणे झाल्यावाचून विधी पुरा झाला असे जुनी माणसे मानीत नसत. कार्ल्याच्या एकवीरेपासून गावदेवापर्यंत सर्वांना ती लग्नाचे आवतण देते. हातात वाद्य नाही, समोर पोथी नाही. तिने ओळ लांबवून सोडावी आणि बाजूला बसलेल्या बायांनी ती उचलून धरावी, इतकीच काय ती साथ. तिचा मान कोणत्याही सनदेवर नव्हे, तर रिवाजावर उभा असे; आणि जे मंत्र म्हणण्याचा अधिकार अन्यत्र पुरुष पुरोहिताकडे असतो, त्यांच्या जागी येथे एका निरक्षर स्त्रीचे गाणे प्रमाण मानले जाई.

जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील, आता पालघर जिल्ह्यात गेलेल्या वारली पाड्यांवरही लग्न लावणारी धवलेरी असते. तेथे सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात आणि धवलेरी गाते. चित्र आणि गीत ही एकाच विधीची दोन अंगे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात या चित्रास कागद मिळाला. जिव्या सोमा मशे यांच्या हातून ते भिंतीवरून उतरून जगभर गेले आणि 2011 साली त्यांना पद्मश्री लाभली. गीत मात्र पाड्यावरच राहिले, कारण विधीपासून सोडवून विकता येईल असे त्यात काही नव्हते.

मोहन्याच्या परिसरास दुसऱ्या प्रकारच्या कलेची ओळख झाली ती कारखानदारीच्या काळात. 1946 साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना येथे उभा राहिला, चाळी आणि वसाहती वसल्या. कल्याणच्या या औद्योगिक पट्ट्यात परगावांहून आलेल्या श्रमिकांसोबत त्यांच्या कलाही येत: कोकणचा माणूस जाखडी घेऊन येई, देशावरचा भारूड आणि तमाशाची आवड. 1953 च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमानंतर तर कामगारांच्या नाट्यस्पर्धा आणि ललित कला भवने यांमुळे दिवसपाळी करून रात्री तालमीस उभे राहणाऱ्या हौशी नटाला सरकारदरबारी मान्यताच मिळाली. पण या रंगभूमीचा पोशिंदा पगार होता. 2009 साली मोहन्याचा कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांची थकबाकी अडकली. ज्या घरात महिन्याचा शिधा भरण्याची पंचाईत, तेथे नाटकाच्या वर्गणीची गोष्ट कोणी काढावी?

कारखाना जसा कामगारांच्या नाटकाचा आधार, तसा विधी हा धवळ्यांचा. आणि तोही आज पूर्वीसारखा भक्कम नाही. लग्नाला भटजी बोलावले जातात, हळदीच्या रात्री बेंजो पार्टी वाजते, आणि धवलारणीस बोलावले तरी तिला आवाज काढायला ध्वनिवर्धकाच्या दोन गाण्यांमधली फट शोधावी लागते. आता काही अभ्यासक धवळे ध्वनिमुद्रित करतात, महोत्सवांत तिला व्यासपीठावर बसवतात, हे स्तुत्यच आहे. तथापि व्यासपीठावर तिला टाळ्या मिळतील, हुकूम चालविता येणार नाही. तेथे तिचे गाणे थांबले तर कार्यक्रम थांबेल, लग्न थांबणार नाही. म्हणून उद्या कोणी या टापूतील प्रयोगकलांचा इतिहास लिहील, तर त्याने धवलारणीची नोंद गायिकांच्या यादीत करण्याआधी पुरोहितांच्या यादीत करावी.