सहाशे साच्यांचा प्रश्न

चित्रकलेत रमणाऱ्या मुलाने संगणकाच्या वाटेला जावे का, असे पेडणे-डिचोलीकडील पालक मला मुख्याध्यापक म्हणून नेहमी विचारतात. संगणक हे गणितवाल्यांचे काम, अशी समजूत त्यामागे असते. आपल्या लिपीचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

गोव्यात १५५६ साली छापखाना आला. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. १६०८ च्या एका पत्रात त्यांनी अडचण सांगून ठेवली आहे : युरोपात २४ अक्षरांवर भागते, येथे ६०० साचे ओतावे लागतील. काना-मात्रा आणि जोडाक्षरे यांपायी देवनागरी छापखान्याच्या दारातच अडली.

पुढे हीच अडचण संगणकापाशी उभी राहिली. ती सोडविणाऱ्यांत एक चित्रकार होते, र. कृ. जोशी. जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकलेले, जाहिरातक्षेत्रात काम केलेले, कवीही. १९८३ पासून ते पवईच्या आयआयटीत शिकवू लागले. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा टंक त्यांचाच. येथे मजकुरात 'क्ष' साठवत नाहीत. क, हलन्त आणि ष साठवतात व टंक नियमाप्रमाणे 'क्ष' दाखवितो. 'कि' मध्ये डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, संगणक 'क' आधी साठवितो. अक्षर कोठे जुळते आणि कोठे मोडते, हे हाताला ठाऊक असल्याखेरीज असे नियम बसविता येत नाहीत.

संकेतस्थळ रचायला शिकणे हे त्याच जातीचे काम. हे शीर्षक, हा परिच्छेद, असे एचटीएमएलमध्ये सांगायचे. रंग, समास, ओळींतील अंतर सीएसएसमध्ये. भित्तिपत्रक रंगविणाऱ्याला हा विचार नवा नाही. नवा आहे तो काटेकोरपणा : एक कंस राहिला तरी मांडणी विस्कटते. पानाची भाषा मराठी आहे असे नोंदविले आणि टंकात सोय असली, तर 'ल' व 'श' मराठी वळणाचे उमटतात. एरवी बहुधा हिंदी वळणाचे. हा फरक सुलेखन केलेल्या डोळ्यालाच चटकन खुपतो.

आपल्या घरांत मराठी आणि कोंकणी शेजारी नांदतात. तरी मुले मोबाईलवर मराठी रोमनमध्येच लिहितात. आता ६०० साच्यांची सबब उरलेली नाही. तेव्हा पालकहो, मुलाच्या हातचा कुंचला काढून घेऊ नका. कुंचल्यासकट त्याला संगणकापुढे बसवा.