मोत्या, आठ आणे आणि १८३२ ची मुंबई

आमच्या मोत्याला जाऊन आता चाळीस वर्षं होतील. मी चौथीत होतो. आमच्या गावात मोकाट कुत्री मारायची मोहीम निघाली होती. विष घातलेलं मटण घेऊन माणसं सकाळीच गल्लीत आली. अंगावर धावून जाणारी दोन चावरी कुत्री होती, ती ओढ्याकडं पळाली. मोत्या शेपूट हलवत पुढं गेला. माणसाच्या हातात खायचं असलं की ते आपल्यासाठीच, एवढंच त्याला माहीत. आजी रोज पहिली भाकरी त्याला घालायची, पण गळ्यात बिल्ला नव्हता. म्हणजे कागदावर तो बेवारस. मोहीम संपली तेव्हा चावरी कुत्री गल्लीत परत आली होती. मोत्या तेवढा नव्हता.

पुढं मुंबईचा इतिहास वाचताना १८३२ सालची दंगल समोर आली आणि मोत्याची आठवण झाली.

तेव्हा कंपनी सरकारचं राज्य होतं. वर्षातल्या ठरावीक उन्हाळी आणि पावसाळ्यानंतरच्या दिवसांत बेवारस कुत्री मारायला १८१३ पासूनच परवानगी होती. १८३२ मध्ये ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली आणि दर कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस मिळू लागलं. त्या काळी आठ आणे म्हणजे गरिबाला मोठी रक्कम. मग काय होणार? पिसाळलेल्या कुत्र्याच्या मागं लागण्यापेक्षा ओट्यावर झोपलेलं पाळीव कुत्रं उचलणं सोपं. लोकांच्या घरातून, आवारातून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी झाल्या.

६ जूनला पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना गाठून चोप दिला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. अंत्यविधीच्या वेळी मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्याला ‘सगदीद’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन आणि इस्माईली व्यापारीही सामील झाले. गोऱ्या पलटणीची रसद अडवली गेली. सरकारने सैन्य बोलावलं, धरपकड केली. पण शेवटी कुत्री न मारता शहराबाहेर नेऊन सोडायचं ठरलं. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मुंबईत पांजरपोळ उभा केला.

मी हे का सांगतोय? कारण आज पुन्हा “मारून टाका एकदाची” असं चौकाचौकात ऐकू येतं. लोकांचा राग खोटा नाही. शाळेत जाणाऱ्या पोराचा लचका तोडला जातो तेव्हा आईबापांना भूतदया शिकवायला जाऊ नये. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही.

पण मारण्याच्या मोहिमेत आधी सापडतं ते माणसाळलेलं कुत्रं. चावणारं निसटतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरी कुत्री येतात. उकिरडा तर तिथंच असतो. म्हणूनच २००१ च्या नियमांनी नसबंदी आणि लस देऊन कुत्रं मूळ जागी सोडायची पद्धत आणली. २०२३ च्या नियमांतही तीच कायम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच पद्धत मान्य केली, पण पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत असं बजावलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, स्टँड यांच्या आवारातली कुत्री हलवायला सांगितली. भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हा आपल्या नगरसेवकाला तीनच प्रश्न विचारा. यंदा आपल्या वॉर्डात किती कुत्र्यांना लस दिली? किती नसबंद्या झाल्या? कचरा रोज उचलला जातो का? आणि गल्लीतलं जे कुत्रं तुमच्या हातून भाकरी खातं, त्याला लसीच्या दिवशी तुम्हीच धरून न्या. ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही, तुमच्याजवळ मात्र येईल.