लातूरच्या पाण्यात छोटे शोभिवंत मासे: निवड आणि व्यवस्थापन

जमीन पाहून पीक निवडतो, तसे पाणी पाहून मासा निवडावा. लातूर परिसरात बसाल्ट खडकातील बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. दुकानात मन वेधून घेणारा निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातील. त्याला मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. आपल्याकडे तो टिकवणे अवघड जाते. नवख्यांनी झेब्रा डॅनिओपासून सुरुवात करावी.

झेब्रा डॅनिओच का?

हा भारतीय उपखंडातील मासा आहे. लांबी सुमारे ४ सें.मी., अंगावर निळसर आडवे पट्टे. जड पाणी व तापमानातील चढउतार तो चांगला सोसतो. तो कळपाने राहतो. एक-दोन मासे ठेवल्यास बुजतात किंवा एकमेकांना त्रास देतात. म्हणून किमान ८ मासे एकत्र ठेवावेत.

टाकीची तयारी

- ६० × ३० × ३० सें.मी. आकाराची टाकी घ्यावी. काठोकाठ न भरता तिच्यात सुमारे ४८ लिटर पाणी राहते. थेट ऊन येणारी जागा टाळावी.
- डॅनिओ उडी मारतो; हवा खेळती राहील असे झाकण हवेच.
- नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडरचे क्लोरीन असते. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून मग वापरावे.

मासे लगेच सोडू नयेत

नव्या टाकीत मासे मरण्याचे मुख्य कारण अमोनिया. विष्ठा व उरलेले खाद्य कुजून तो तयार होतो. शेतात युरियाचे नत्र जिवाणूंमुळे अमोनियातून नायट्राइट व पुढे नायट्रेटमध्ये बदलते, तेच टाकीत घडते. हे जिवाणू स्पंज फिल्टरमध्ये वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. तपासणी किटवर अमोनिया वाढून पुन्हा शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसले, की मासे सोडावेत.

आपल्याकडे याचे महत्त्व जास्त आहे. सामू ७ वरून ८ वर गेला, तर अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो.

नियमित काळजी

- खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.
- दर आठवड्याला १२ लिटर, म्हणजे पाव टाकी पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलू नये.
- स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या पाण्याने धुतल्यास जिवाणू मरतात.

उन्हाळ्यात

पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागल्यास हवेचा पंप वाढवावा व पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी लवकर थंड होते. बर्फ थेट टाकू नये. वीज जाते तिथे बॅटरीवरील हवेचा पंप जवळ ठेवावा.

पाणी उडून जाते, क्षार मात्र टाकीतच राहतात. खारवट पाण्याने सतत ओलित केलेल्या जमिनीसारखीच ही स्थिती होते. म्हणून उडालेल्या पाण्याची भर साठवलेल्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने घालावी.

पाणी वाया घालवू नका

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आलेल्या पहिल्या रेल्वेने लातूरला सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले होते. त्या शहरात आठवड्याला १२ लिटरही मोरीत सोडणे योग्य नाही. बदललेल्या पाण्यात नायट्रेट असते. ते कुंड्यांना व परसबागेला घालावे. मात्र टाकीत मीठ किंवा औषध वापरले असल्यास ते झाडांना देऊ नये. टंचाईच्या वर्षी माशांची संख्या वाढवू नये आणि खाद्य कमी करावे. घाण कमी झाली की पाणीही कमी बदलावे लागते.

नको असलेले मासे मांजरा नदीत, तलावात किंवा शेततळ्यात सोडू नयेत. त्यांच्यासोबत रोगही पसरतात. ते दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत.