दोन कंदिलांची पृथ्वी

अंधारयुग म्हटलं की इतिहासाचे मास्तर लगेच रोमच्या पडझडीकडे वळतात. पण ते नावापुरतंच अंधारयुग. तेव्हाही सूर्य बिचारा वेळेवर उगवत होता. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अस्सल काळोख हवा असेल, तर ऑक्सफर्डच्या टोल्किन प्राध्यापकांच्या पुराणात शिरायला हवं.

त्या जगात सुरुवातीला चंद्र-सूर्य नव्हतेच. दोन प्रचंड खांबांवर दोन दिवे, उत्तरेला इल्युइन आणि दक्षिणेला ऑरमल. साऱ्या पृथ्वीला मिळून दोन कंदील! मेल्कॉर नावाच्या महाभागाने ते दोन्ही पाडले. आता देवांनी काय करावं? दुरुस्ती? छे हो! त्यांनी बिऱ्हाड उचललं, समुद्रापलीकडे पश्चिमेला नेलं, भोवती डोंगरांची भिंत घातली. तिथे यवानादेवीने गाणं म्हणून दोन झाडं उगवली, एक रुपेरी उजेडाचं, एक सोनेरी. दोन्ही आळीपाळीने सात-सात तास उजळायची आणि एक विझण्याआधी तासभर दुसरं पेटायचं. पुरवठा खंडित होण्याची बातच नाही! बाकीच्या पृथ्वीने मात्र चांदण्यांवर भागवावं. बंगल्यांच्या वस्तीत झगझगाट आणि गल्लीत नुसता खांब, हा प्रकार इतका पुरातन आहे तर.

त्या चांदण्यांखालीच एल्फ जागे झाले. देवांनी त्यांना बोलावणं धाडलं. काही गेले, काही निघून वाटेतच रमले, काहींनी घर सोडलंच नाही. गेले त्यांनी झाडांचा उजेड पाहिला, ते ‘प्रकाशाचे एल्फ’ ठरले. उरलेले सगळे ‘अंधाराचे’! आता या अंधारातल्या मंडळींत डेरॉन नावाचा एक गवई होता. त्याने सूर्य उगवायच्या आधीच स्वतःची लिपी तयार केली होती. पण परदेशाहून आलेल्या भाच्यासमोर गावातल्या हुशार मामाची जी किंमत होते, तीच त्याची झाली. नावं ठेवण्याचं काम उजेडातल्यांकडे असलं की असंच व्हायचं.

मला त्यांचा राग येतो, तो याचा. दिवा पाहिला एवढ्यावर मोठेपण कसलं? तो लावला दुसऱ्याने.

ही कथा मी घरी रंगवून सांगितली. आमच्या हिने भाजी निवडता निवडता विचारलं, “अहो, पण उन्हाशिवाय झाडंझुडपं जगली कशी?”

यवानाने बऱ्याच जिवांना झोपवून ठेवलं होतं, असं पुराणातलं उत्तर मी दिलं. पण गंमत अशी, की १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुद्द टोल्किनना याच शंकेने ग्रासलं होतं. सूर्य पहिल्यापासूनच होता, असं म्हणून सगळं नव्याने लिहायला ते बसले. पण सूर्य आणला की कंदिलांना अर्थ राहत नाही, आणि चांदण्यांखालचं ते पहिलं जागं होणंही फिकं पडतं. काम अर्ध्यावरच राहिलं. १९७३ साली ते वारले. १९७७ मध्ये मुलाने, ख्रिस्तोफरने, ‘सिल्मरिलियन’ छापलं, त्यात वडिलांचा जुना काळोख तसाच ठेवला.

हे सांगायला मी मान वर केली, तोवर ही मनीप्लँटची कुंडी उन्हात सरकवायला गॅलरीत गेली होती.