वऱ्हाडची दुसरी लाट आणि रक्तातील नोंद

फेब्रुवारी २०२१. पहिली लाट ओसरली असे मानून राज्य सावरत असतानाच अमरावतीत रुग्णसंख्या झपाट्याने वाढली. अमरावती शहर व अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी आली. आमच्या हिवरखेडात तेव्हा एकच प्रश्न कानी येई : "एकदा होऊन गेला, मंग आता कायचं भेव?"

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. १८९० मध्ये बर्लिन येथे बेहरिंग आणि जपानी संशोधक कितासातो यांनी दाखवून दिले, की धनुर्वाताला न जुमानणाऱ्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाला निष्प्रभ करणारे काहीतरी असते. ते 'काहीतरी' म्हणजेच प्रतिपिंडे. ती घडतात कशी, याचे पटणारे उत्तर यायला मात्र १९५७ साल उजाडले. मॅकफार्लेन बर्नेट यांनी मांडले, की शत्रू पाहून शरीर शस्त्र घडवीत नाही. असंख्य प्रकारच्या पेशी आधीच सज्ज असतात. ज्या पेशीचा आकार शत्रूशी जुळतो, तिचीच वंशवृद्धी होते.

करोनात संरक्षक प्रतिपिंडांचे मुख्य लक्ष्य असते विषाणूचे काटेरी प्रथिन. त्याच्याशी जुळलेल्या बी-पेशी टी-पेशींच्या साहाय्याने वाढतात. त्यांतील काही प्रतिपिंडांचे कारखाने होतात, काही स्मृतिपेशी म्हणून मागे उरतात. साधारण एक-दोन आठवड्यांत प्रतिपिंडे रक्तात दिसू लागतात आणि काही महिन्यांनी त्यांची पातळी उतरते. पण म्हणून शरीर सारे विसरले, असे होत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा असे हे साधन आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्त तपासले, तेव्हा झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. दवाखान्याच्या वहीत ज्यांचे नाव कधी चढलेच नाही, त्यांची नोंद रक्ताने ठेवली होती!

मग वऱ्हाडात काय घडले? २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले, की महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू व एल४५२आर हे बदल दिसतात. अमरावतीच्या नमुन्यांतही ते होते. काटेरी प्रथिनाच्या ज्या भागाला अनेक प्रतिपिंडे चिकटतात, नेमका तोच भाग बदलला होता. जुनी प्रतिपिंडे निकामी झाली नाहीत, पण त्यांची पकड सैल झाली.

तरी सारा दोष या बदलांवर टाकणे मला घाईचे वाटते. पहिल्या लाटेतून सुटलेल्या, रक्तात नोंदच नसलेल्या माणसांचे काय? त्यांच्यापाशी जुनी प्रतिपिंडेही नव्हती, आणि लस सामान्य गावकऱ्यापर्यंत पोहोचायची होती.

याच कुळातील एका शाखेला ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नाव दिले : डेल्टा.