पंचांचा शब्द आणि सरकारचा शिक्का

१८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा खानदेशाची पार दैना झालेली होती. १८०३-०४च्या दुष्काळाने आणि पाठोपाठच्या लुटालुटीने कित्येक गावे ओस पडली होती. कंपनी सरकारचा कारभार पाहायला कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्यात आले. माणसे गावी परतली की जमिनीचे, वतनाचे, कर्जाचे तंटे उभे राहणारच. ते मिटवायचे कोणी? दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने धोरण ठरवले : पंचायत मोडायची नाही.

या पंचायतीला रीतसर पद्धत होती. पंचांपुढे जाताना दोन्ही पक्ष आधी राजीनामा, म्हणजे निकाल मान्य करण्याचा करार, लिहून देत. जामीन घेतला जाई. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे लेखी म्हणणी, साक्षीपुरावे, आणि शेवटी पंचांचा सारांश. त्यावर सरकारी मंजुरी मिळाली की जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ नावाची फी आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ नावाचा दंड वसूल होई.

एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात पंचायतीचे गुण सांगितले, तसे दोषही. पंच वेळेवर जमत नसत, त्यांना कोणाला हजर करण्याचा अधिकार नव्हता आणि बड्या माणसाने निकाल धुडकावला तर गरिबाचा इलाज चालत नसे.

पुढे १८२७च्या कायदेसंहितेने न्यायाचे केंद्र कोर्टाकडे नेले. पंचायत मागे पडली.

दूर नॉर्वेत मात्र वेगळे घडले. तेथे १७९५ साली, डेन्मार्कच्या राजवटीत, सलोखा मंडळे स्थापन झाली आणि ती आजही चालू आहेत. गावातलीच तीन साधी माणसे दोन्ही बाजू ऐकून घेतात. त्यांच्यापुढे झालेल्या तडजोडीला न्यायालयीन निकालाचे बळ असते. जपानमध्ये १९५१च्या कायद्यानुसार न्यायाधीशाच्या जोडीला सामान्य नागरिक सलोखाकार म्हणून बसतात. पंच लोकांमधले आणि शिक्का सरकारचा, ही सांगड दोन्हीकडे घातली गेली.

आपल्याकडे ही सांगड उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी बसली. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का केला. त्यावर अपील नाही आणि प्रलंबित दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. जळगाव, धुळे जिल्ह्यांतल्या ग्रामसभांनीही समित्या नेमल्या आणि बांधाच्या, वाटणीच्या भांडणांसाठी गावकरी पुन्हा गावातच बसू लागले.

पंच म्हटला की तो न्यायीच असेल असे मात्र नाही. जातपंचायतींनी घातलेल्या बहिष्कारांमुळे कितीतरी कुटुंबे देशोधडीला लागली. म्हणूनच महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. जिथे पक्षकाराची खरी संमती नसते, तिथे तडजोड होत नाही. तिथे सक्ती होते.

२०२३च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे, पण अशा समझोत्याची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होणार नाही, असेही त्यातच म्हटले आहे. एल्फिन्स्टनने नोंदवलेली उणीव ती हीच. त्यावरचा उपाय खानदेशातल्या गावांच्या हाताशी आहे : चावडीवर मिटलेला दिवाणी तंटा कागदावर उतरवायचा आणि दोघांच्या सह्या घेऊन, कोर्टात दावा नसला तरी, तालुक्याच्या लोकअदालतीपुढे ठेवायचा. एकदा निवाडा झाला की बांध कोरणाऱ्याला पुढच्या पेरणीला शब्द फिरवता येत नाही.